दुपारची अक्का

बालवाडी जेवणाच्या वेळेला सुटायची आणि मला घ्यायला अक्का यायची. डोक्यावर पदर, पदरावर ओला पंचा, पायात माझ्या वडिलांच्या जुन्या चपला, त्याही तिला चांगल्या दोन बोटं मोठ्या. जळगावच्या उन्हात त्या चपलांचा फटक फटक आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की मी पाटी-दप्तर गळ्यात अडकवून दारात उभी राहायचे. बाकीच्या पोरांच्या आया छत्री घेऊन यायच्या, बाईंशी दोन शब्द बोलायच्या. अक्का बाईंशी बोलायची नाही. ती लांबूनच हात करायची आणि मी पळत सुटायचे. वाटेत ती तो ओला पंचा माझ्या डोक्यावर टाकायची आणि स्वतः उन्हात चालायची. मी त्या पंच्याच्या आतून फक्त तिचे पाय बघत घरी यायचे.

अक्का म्हणजे माझी आत्या. माझ्या वडिलांची, म्हणजे नानांची, थोरली बहीण. तिचं सासर शिरपूरकडच्या एका खेड्यात. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नव्हतं, दिराच्या घरी शेतात राबून खात होती. माझा जन्म झाला, आईची रजा संपत आली, तेव्हा नाना एसटीने गेले आणि तिला घेऊन आले. पोर सांभाळायला म्हणून ती आली. आमच्या घरातली तिची जागा ही अशी माझ्यामुळे होती, हे तिला ठाऊक होतं. मला अर्थातच उलटं वाटायचं. मला वाटायचं की घर अक्काचं आहे आणि आई-नाना सकाळ-संध्याकाळ तिथे येऊन जातात.

कारण दुपार सगळी आमची होती. नाना डाळमिलमध्ये, आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. घरी आल्यावर अक्का शहाबादी फरशीवर पाणी मारायची, खिडकीला ओलं पोतं लावायची आणि आम्ही दोघी त्या अंधाऱ्या गारव्यात जेवायला बसायचो. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, त्यावर लसणाची चटणी, चटणीत खड्डा करून शेंगदाण्याचं कच्चं तेल. नाना मिलमधून डाळीची चुरी आणायचे, तिचे वाफवलेले फुणके व्हायचे आणि त्यांच्याबरोबर कढी. जेवण झालं की मिलचा भोंगा वाजायचा. अक्का हातातलं काम थांबवून म्हणायची, "भोंगा वाजना. तुना बाप जेवना व्हई." तुझा बाप जेवला असेल, असं रोज म्हणायची. मग सूप घेऊन बसायची आणि त्या पाखडण्याच्या आवाजात मला झोप लागायची. जाग यायची ती नळाला पाणी आल्याच्या गडबडीने. आजही कोणी शेजारी धान्य पाखडायला घेतलं की माझे डोळे जड होतात. आता पाखडतं कोण म्हणा, सगळं पिशवीत निवडून येतं.

या दुपारीच मी बोलायला शिकले आणि शिकले ती अक्काची बोली. आम्ही सगळे तसेच होतो, म्हणजे मुळात. नाना अक्काशी अहिराणीत बोलायचे आणि आईशी शुद्ध मराठीत, मान वळवली की भाषा वळायची. आईचं माहेर पारोळ्याकडचं, तिथेही घरात हीच भाषा. पण आई एकाच भाषेत बोलायची, घासूनपुसून लख्ख केलेल्या मराठीत. त्याची एक गोष्ट होती आणि ती तिने मला फार पुढे सांगितली. नोकरीला लागली तेव्हा नवी होती. एकदा पुण्याचा ट्रंककॉल जोडताना तिच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, नंबर लागी नही ऱ्हायना." पलीकडचा माणूस हसला आणि त्याने कोणाला तरी बोलावून, ते वाक्य पुन्हा म्हणा, अशी तिला विनंती केली. विनंतीच केली, रागावला नाही. आईने लाइन जोडून दिली आणि त्या दिवसापासून तोंडात ती भाषा येऊ दिली नाही. घरीसुद्धा नाही, स्वप्नातसुद्धा नसेल.

आणि अशा आईला एक दिवस बालवाडीच्या मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. मी वर्गात चित्र बघून गोष्ट सांगितली होती. झाडावर पोपट होते, पुढच्या चित्रात नव्हते. मी सांगितलं होतं, "बठ्ठा पोपट उडी ग्यात." म्हणजे सगळे पोपट उडून गेले. वर्ग हसला, बाईही हसल्या. बाई वाईट नव्हत्या हो. मोठ्या बाई आईला म्हणाल्या की पोरगी चलाख आहे, पण अर्धा दिवस इथे शिकलेलं उरलेल्या अर्ध्या दिवसात पुसून जातं. गणपतीनंतर आम्ही पूर्ण दिवसाचा वर्ग काढतोय. डबा इथे, झोप इथे, गाणी, थोडं इंग्रजी. संध्याकाळी घेऊन जा. बघा विचार करून.

मग आमच्या घरी विचार सुरू झाला. तो कितीतरी दिवस चालला आणि बहुतेक ताटावर चालला. आई म्हणायची, पूर्ण दिवस घालू. नाना म्हणायचे, लहान आहे अजून. आई म्हणायची, लहान आहे तेव्हाच वळण लागतं. नाना म्हणायचे, दिवसभर कोंडून पोर सुकेल. आई म्हणायची, रिक्षा घरापासून येते. नाना आमटीत भाकरी कुस्करत राहायचे. त्यांचं खरं कारण वेगळंच होतं आणि ते भाकरी थापत चुलीपुढे बसलेलं होतं, म्हणून त्यांना ते बोलता यायचं नाही. शेवटी एकदा आईचा आवाज चढला. "तुमचं काय, डाळमिलमध्ये कसंही बोललं तरी चालतं. हिला उद्या कुठे कुठे जायचंय. हिला कोणी हसलेलं मला चालणार नाही."

अक्काने भाकरी उलटली आणि कोणाकडेही न बघता म्हणाली, "पोर दिनभर शाळामा, मंग मी काय भिती राखू?"

घरात फक्त भिंती राखायला मी कशाला राहू, असं ती विचारत होती. भांडणासारखं नाही, खरंच विचारत होती. आई म्हणाली, "अक्का, तसं नाही हो. तुम्हालाही जरा आराम." आईने ते मनापासून म्हटलं होतं. पण आराम हा शब्द अक्काला कधी कोणी दिलेला नव्हता, तिला त्याचं काय करायचं ते कळेना. तिने तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकली. ठरलं असं की एक महिनाभर पूर्ण दिवस घालून बघू.

आता मी राहते तिथलं, खालच्या मजल्यावरचं तरुण जोडपं परवा माझ्याकडे आलं होतं. दोघंही नोकरी करतात, पोरगी तीन वर्षांची. फुल डे की हाफ डे, काकू तुम्हाला काय वाटतं? म्हणे हाफ डे असेल तर बाई ठेवावी लागेल. मी बाई काय सांगणार! मी त्यांना चहा दिला आणि विचारलं, हाफ डे असला तर दुपारी घरी कोण असेल? ते म्हणाले, तेच तर ना, कोणीच नाही. मग मी चहाचे कप उचलले. माझ्यापाशी जी होती तिला नोकरीवर ठेवता येत नाही.

तर मी पूर्ण दिवस जाऊ लागले. मला तिथे कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. उलट कौतुकच झालं. फक्त दुपारी सतरंजीवर रांगेने झोपवायचे आणि बाई म्हणायच्या, डोळे मिटा. मी डोळे मिटायचे पण झोपायचे नाही. पंखा कुरकुरायचा. मग मिलचा भोंगा वाजायचा, तोच भोंगा, पण शाळेत तो दुसऱ्या बाजूने यायचा. घरी तो खिडकीतून यायचा आणि इथे पाठीमागून. मी मनातल्या मनात म्हणायचे, तुना बाप जेवना व्हई. मग घरी आत्ता सूप निघालं असेल, आत्ता नळ आला असेल, असं करत करत मी पडल्या पडल्या सगळी दुपार घरी करून यायचे. इतकी आठवण मला पुढे मोठ्या वियोगांतही आली नाही, आणि घर तर तिथून पायी जाण्याएवढ्या अंतरावर होतं.

जीभ मात्र भराभर सुधारली. संध्याकाळी रिक्षातून उतरून मी एकदा म्हटलं, "अक्का, मला पाणी हवंय." अक्का एवढी हसली. मग आत गेली आणि पितळी लोट्याऐवजी पाहुण्यांसाठीचा काचेचा ग्लास काढून, ताटलीत ठेवून, पदर सावरून माझ्यापुढे घेऊन आली. मीही हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तो आमचा खेळच झाला. आई बघायची आणि खूश व्हायची, पोरगी बोलते छान म्हणून.

तोच महिना गुलाबाईचा होता. आमच्याकडे भाद्रपदातली पौर्णिमा झाली की घरोघरी मातीची गुलाबाई बसते, शेजारी तिचा नवरा गुलोजी, आणि कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुली घराघरांतून गाणी म्हणत फिरतात. टिपऱ्या वाजतात. गाणी झाली की खाऊ, पण तो असा मिळत नाही. खाऊ बंद डब्यात असतो. घरची मुलगी डबा खुळखुळवते आणि बाकीच्यांनी आवाजावरून ओळखायचं. गोड की तिखट? भाजलेलं की तळलेलं? घरच्या मुलीने फक्त हो-नाही म्हणायचं आणि तोंडावर हसू येऊ द्यायचं नाही. ओळखता आलं नाही तर गल्ली हरली. आमचं घर सहसा हरायचं नाही, कारण अक्का. आदल्या वर्षी मी चारच वर्षांची होते, पण दुपारभर तिच्यापुढे बसून मी सगळं बघितलेलं असायचं. तिळगूळ कुटताना, शेंगदाणे भाजताना. गुपित पोटात घेऊन संध्याकाळपर्यंत राहणं हा माझ्या आयुष्यातला पहिला मोठा अधिकार होता. पोट अगदी दुखायचं त्याने.

त्या दिवशी गाण्यांची पाळी आमच्या घरी होती. मी रिक्षातून उतरले तर अंगणात मुली जमलेल्या, टिपऱ्या सुरू झालेल्या. आईची ड्यूटी लवकर संपली होती, ती उंबऱ्यात उभी होती. मी दप्तर टाकलं आणि तशीच गाण्यात शिरले. गाणी संपली. अक्का आतून पितळी डबा घेऊन आली आणि सवयीने माझ्या हातात दिला. मी सवयीने तो घेतला, खुळखुळवला. आत काहीतरी टणटणलं. मुलींनी गलका केला, गोड की तिखट?

मला माहीत नव्हतं.

मी अक्काकडे बघितलं. ती नेहमीसारखी तोंड आवळून हसू दाबत उभी होती, मला माहीत आहे असं धरून. मी डबा पुन्हा हलवला, कान लावला. मग गल्लीतल्या कुठल्याही मुलीसारखं मी विचारलं, "फुटाणे आहेत का?"

एक मोठी मुलगी ओरडली की हिच्याच घरचा खाऊ आणि हीच ओळखतेय! सगळ्या हसायला लागल्या. अक्काच्या तोंडावरचं हसू मावळताना मी बघितलं. तिने डबा माझ्याकडून घेतला आणि झाकण उघडलं. आत घट्ट दाबून बसवलेला मलिदा होता, भाकरी कुस्करून गूळ-तुपात मळलेला, ज्याचा काही आवाज होत नाही. आणि वर फक्त तीन-चार फुटाणे टाकलेले, फसवायला. अक्काने गल्लीला फसवण्यासाठी केलेल्या युक्तीत तिच्या घरचंच माणूस सापडलं होतं. ती मुलींना मलिदा वाटत राहिली. शेवटी माझ्या हातावर ठेवताना आईला म्हणाली, हळूच, तक्रार नसल्यासारखी:

"आपलीच पोर, आपलाच घरमा पाव्हनी व्हई गई."

मी रडले. मलिदा हातात धरून, टिपऱ्यांच्या मुली बघत असताना, भोकाड पसरून रडले, आणि रडताना माझ्या तोंडून जे निघालं ते सगळं अक्काच्या भाषेत होतं. "माले सांगं का बरं नही? माले का बरं नही सांगं?" मला का नाही सांगितलंस, एवढंच मी तिला विचारत होते. आई उंबऱ्यात खाली बसली आणि तिने मला ओढून घेतलं. तिने मला गप्प बस म्हटलं नाही, नीट बोल म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का माझ्या डोक्याला तेल लावत असताना आईने तिला सांगितलं की कोजागिरीनंतर पुन्हा अर्धा दिवसच करू, बोलण्याचं काय, होईल हळूहळू. मी ऐकलं आणि बसल्या जागी उड्या मारायला लागले. अक्का तेलाचा हात माझ्या डोक्यावर तसाच ठेवून बसली. मग म्हणाली, "दीरले हा म्हनी टाकं माय मी. कापूस येचाले जानं पडी."

पूर्ण दिवसाचं ठरलं तेव्हाच तिने शिरपूरकडच्या एका माणसाबरोबर दिराला येते म्हणून निरोप पाठवून दिला होता. कापूस फुटला होता, त्यांना वेचायला माणसं हवी होती, हिला इथे काम उरलं नव्हतं. कोणाला सांगून काय उपयोग, म्हणून सांगितलं नव्हतं. नाना म्हणाले, मी जाऊन सांगतो दिराला. अक्का म्हणाली, नाही, शब्द दिलाय. आई म्हणाली, अक्का, चूक माझी. अक्का म्हणाली, "कापूस सरना का येसू." तिचं ते येणं खरं होतं, ती कधी खोटं बोलली नाही. पण कापूस सरल्यावर जाऊ आजारी पडली, मग जावेच्या सुनेचं बाळंतपण आलं, आणि त्या घरातही एक पोर सांभाळायला झालं.

मला माझा अर्धा दिवस परत मिळाला, पण अक्काशिवाय. आईने एक्स्चेंजमध्ये कोणाशी तरी बदली करून पहाटेची पाळी घेतली आणि दुपारी मला घ्यायला ती येऊ लागली, छत्री घेऊन. आम्ही जेवायचो, भोंगा वाजायचा, कोणी काही बोलायचं नाही. आई पहाटेची दमलेली, तिथेच फरशीवर झोपायची, आणि मी तिच्या शेजारी जागी असायचे. सूप भिंतीला टांगलेलं होतं. मी आईवर रागावले होते का? असेन. पण तिच्या झोपलेल्या हातावर बोर्डात वायरी खुपसून-उपसून पडलेले घट्टे मी त्याच दुपारी पहिल्यांदा बघितले. हळूहळू मला तिची सवय झाली. तिलाही माझी झाली असावी, कारण एका दुपारी ती झोपेतून उठली, सूप काढलं आणि खाली बसून पाखडायला लागली. अक्कासारखं जमत नव्हतं. टरफलांबरोबर दाणेही उडायचे.

पुढच्या वर्षी गुलाबाई बसली तेव्हा मी आईला सांगितलं, मलिदा करायचा. आम्ही दोघींनी दुपारभर केला. आई डबा धरून होती, मी भरत होते. आणि आई मला म्हणाली, "दाब. आखो दाब." म्हणजे आणखी दाब. ते तिच्या तोंडून आलं आणि तिचं तिलाच ऐकू आल्यासारखी ती थांबली. मी वर बघितलं. ती म्हणाली, "काय बघतेस? दाब ना." आणि मग वर तीन-चार फुटाणे मीच टाकले.

त्या संध्याकाळी अक्का आली. नाना तिला गुलाबाईला म्हणून मुद्दाम घेऊन आले होते, दोन दिवसांसाठी. उन्हाने काळवंडली होती, कापसाच्या बोंडांनी हाताची बोटं ओरबाडलेली. ती आत आलीच नाही, गाणी चालू होती तर अंगणात मुलींच्या मागे गुडघे पोटाशी घेऊन बसली. गाणी झाल्यावर मी डबा घेतला, सगळ्यांसमोर खुळखुळवला. टणटण. मुली शेंगदाणे म्हणाल्या, चणे म्हणाल्या, काय काय म्हणाल्या. मी मान हलवत राहिले, आणि पोटातलं गुपित असं काही दुखत होतं की विचारू नका. मग मी थेट तिच्यापुढे जाऊन डबा तिच्या कानाशी नेला. "अक्का, तू सांग."

अक्काने डोळे मिटून आवाज ऐकला. नाकपुड्या जराशा फुलल्या. तूप-गुळाचा तो वास झाकणाबाहेर येत होता, मलाच येत होता, तिला काय येत नसेल. मग म्हणाली, "फुटाणा शेतंस का?" फुटाणे आहेत का, असं विचारत होती.

"चूक!" मी अशी ओरडले की शेजारचे बाहेर आले. झाकण उघडलं, मलिदा दाखवला, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, आणि आई उंबऱ्यात तोंडाला पदर लावून हसत होती की काय करत होती ते मला दिसलं नाही. मला जिंकल्याचा एवढा आनंद झाला होता की बाकी काही सुचत नव्हतं. रात्रीची जेवणं झाल्यावर भांडी आवरताना मात्र माझ्या डोक्यात आलं. मी तिच्याजवळ गेले आणि तिच्याच भाषेत विचारलं, खरंच नाही का ओळखलंस, अक्का? तुझीच तर युक्ती.

अक्काने माझ्या हातातला पितळी लोटा घेतला, त्यात पाणी ओतलं आणि वर तोंड करून घटाघटा प्यायली. मग तोंड पुसलं.

"पाव्हनीले कसं समजी, माय," ती म्हणाली, आणि लोटा पालथा घालून ठेवला.